प्रबंध बाजूला ठेवा, मग लेख लिहा

पीएच.डी. झालेल्या किंवा होऊ घातलेल्या माणसाकडे दोन-अडीचशे पानांचा प्रबंध असतो. ‘आता यातनंच एखादा पेपर काढ’ असं गाइड सांगतात. मग तिसरं प्रकरण उचललं जातं, पहिल्या प्रकरणातली चार पानं त्याच्या डोक्यावर बसवली जातात, शेवटी निष्कर्ष आणि शिफारशी येतात आणि ही वीस-बावीस पानं कुठल्या तरी जर्नलला रवाना होतात. थोड्याच दिवसांत नकार येतो. रेफरीपर्यंत, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, लेख गेलेलाच नसतो. संपादकानंच तो परत पाठवलेला असतो. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. चांगल्या जर्नलांकडे येणाऱ्या लेखांपैकी बरेचसे याच टेबलावरून माघारी फिरतात.

पुष्कळदा संशोधनात खोट नसते. आकडे नीट गोळा केलेले असतात, मेहनत खरी असते. पण प्रबंध परीक्षकासाठी लिहिलेला असतो. मला हा विषय येतो, मी सगळं वाचलंय, पद्धत मला कळते, हे त्याला दाखवायचं असतं. जर्नलचा वाचक तुमची परीक्षा घ्यायला बसलेला नसतो. त्याला विषय आधीच ठाऊक असतो. त्याचा प्रश्न एकच असतो, की मला आजवर माहीत नसलेलं तुम्ही काय सांगताय आणि ते मी का खरं मानू? लेखाची सगळी तयारी या प्रश्नाभोवती करायची असते. फाँट, समास आणि संदर्भांची शैली पुष्कळ नंतर येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात शेततळ्यांवर काम केलंय. राज्य सरकारनं २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. हेतू हा, की पावसाचं पाणी शेतातच अडावं आणि पावसानं ताण दिला तर पिकाला मिळावं. तुम्ही गावोगाव फिरलात, तळी पाहिली, शेतकऱ्यांशी बोललात. तेव्हा लक्षात आलं, की प्लास्टिकचं अस्तर घातलेली बरीच तळी बोअरच्या पाण्यानं भरली जातायत. प्रबंधात हे पाचव्या प्रकरणात येतं. त्याआधी सिंचनाचा इतिहास, तालुक्याचा भूगोल, लाभार्थ्यांचं वय-शिक्षण-जमीनधारणा, पीकपद्धती असं सगळं असतं. लेखाला त्यातलं फार थोडं लागतं. लेखाला आधी एक वाक्य लागतं: ‘या गावांतली अस्तराची शेततळी पाऊस साठवण्यापेक्षा भूजल उपसून उघड्यावर ठेवण्याच्या कामी येतात आणि त्याचा भार शेजारच्या विहिरींवर पडतो.’

हे वाक्य कागदावर आल्याखेरीज पुढचं काही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. वाक्य जमलं की नाही हे ओळखायची साधी खूण आहे: त्याच्याशी कुणी असहमत होऊ शकतो का? वरच्या वाक्यावर कृषी खात्यातला अधिकारी वाद घालू शकेल. ‘शेततळी योजनेचे फायदे-तोटे : एक अभ्यास’ यावर कुणीच वाद घालणार नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नाही. (‘एक अभ्यास’ आणि ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शेपटं शीर्षकातून कायमची छाटून टाकली, तर आपल्या विद्यापीठांचं काही नुकसान होणार नाही.)

आता तेच वाक्य आपल्याच आकड्यांवर घासून बघायचं. त्यात तीन दावे आहेत. तळी बोअरनं भरली जातात, हे तुम्ही पाहिलंय आणि विचारलंय. पाणी उघड्यावर राहिल्यानं वाफ होऊन जातं, याचं मोजमाप आहे का, की दुसऱ्या कुणाच्या अंदाजावर विसंबायचंय? आणि शेजारच्या विहिरींचं काय? त्यांची पातळी तुम्ही पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली नसेल, फक्त शेजाऱ्यांनी ‘आमचं पाणी आटलं’ म्हणून सांगितलं असेल, तर तिसरा दावा आहे तसा टिकणार नाही. ‘शेजारच्या शेतकऱ्यांना असं वाटतं’ एवढंच म्हणता येईल. शिवाय गावं कशी निवडली? ओळखीची होती म्हणून निवडली असतील तर तसं लिहा आणि निष्कर्ष तेवढ्या गावांपुरता ठेवा. दावा आपणच आपल्या हातानं कापून लहान केला, तर रेफरीला कापायला फारसं उरत नाही.

दावा ठरला की जर्नल निवडायचं, आणि ते लिहायला बसण्याआधी. बहुतेकजण उलट करतात. पण जर्नलागणिक लेख बदलतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ला पाठवायचं असेल तर योजनेची रचना, अनुदानाच्या अटी आणि सरकारी धोरण पुढे येईल, तिथं विशेष लेखाला टिपा-संदर्भांसकट ८,००० शब्दांची मर्यादा असते. जलविज्ञानाच्या जर्नलला धोरणाशी फारसं देणंघेणं नाही. किती पाणी आलं, किती गेलं, मोजलं कशानं, चूक किती असू शकते, हे त्यांना हवं. ग्रामीण समाजशास्त्राचं जर्नल विचारेल, की तळं कुणाचं झालं आणि विहीर कुणाची आटली. मराठीत लिहायचं तर ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारखी नियतकालिकं आहेत, तिथल्या वाचकाला मराठवाडा कुठं आहे ते सांगावं लागत नाही, इंग्रजी जर्नलच्या वाचकाला सांगावं लागतं. म्हणून मनात धरलेल्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्या विषयावर तिथं आधी कोण काय बोललंय? तुमच्या संदर्भयादीत त्या जर्नलमधला एकही लेख नसेल, तर बहुधा तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

याच टप्प्यावर बनावट जर्नलांची गाठ पडते. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात या सापळ्यात पुष्कळजण सापडलेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं केलं होतं. प्राध्यापकांच्या बढतीलाही शोधनिबंधांचे गुण होतेच. मागणी वाढली, तसं पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणारी दुकानं निघाली. यातली कित्येक आयोगाच्या स्वतःच्या मान्यताप्राप्त यादीतही शिरली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढं २०१९ मध्ये आयोगाची मान्य जर्नलांची नवी ‘यूजीसी-केअर’ यादी आली, २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठीची प्रकाशनाची सक्ती उठवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं आयोगानं जाहीर केलं. म्हणजे आता ‘यादीत आहे ना?’ एवढं विचारून सुटका नाही. जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आली आहे. (सक्ती देशपातळीवरची उठली, तुमच्या विद्यापीठाचा नियम काय म्हणतो, ते वेगळं बघा.)

हा फक्त आपल्याकडचा रोग नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक लेख रचला. दगडफुलातून कॅन्सरवर औषध, असा काहीसा विषय. तो त्यानं ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जर्नलांनी स्वीकारला.

पारखायचं कसं? ‘डियर एमिनंट प्रोफेसर’ अशी आरती ओवाळत आलेला मेल सरळ पुसून टाका. चांगली जर्नलं अनोळखी माणसाकडं लेखांची भीक मागत फिरत नाहीत. तीन दिवसांत पीअर रिव्ह्यू (तज्ज्ञांकडून तपासणी) करून देतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरची पानं उघडा आणि ते या जर्नलचा उल्लेख करतात का पाहा. ‘स्कोपस’ या शोधनिबंधांच्या नोंदकोशात आहोत असं जर्नल म्हणत असेल, तर ते जर्नलच्या पानावर वाचून भागत नाही. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधायचं. खुल्या जर्नलांसाठी ‘डीओएजे’ ही निर्देशिका आहे. आणखी एक सावधगिरी: खऱ्याखुऱ्या जुन्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) चोरून हुबेहूब खोटी वेबसाइट उभारणारेही आहेत. म्हणून गूगलवर पहिल्यांदा दिसलेल्या दुव्यावरून न जाता प्रकाशकाच्या मुख्य पानावरून जर्नलपर्यंत पोहोचा. पैसे मागितले म्हणजे जर्नल खोटंच, असं मात्र नाही. वाचकाला फुकट देणारी कित्येक नामांकित जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात आणि ते लाखाच्या घरातही जातं. पण ती रक्कम वेबसाइटवर आधीपासून लिहिलेली असते, लेख स्वीकारल्यावर हळूच सांगितली जात नाही.

आता लिहिणं. विज्ञानात आणि बऱ्याचशा सामाजिक शास्त्रांत लेखाचा साचा ठरलेला आहे: प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा. पण वाचायचा क्रम आणि लिहायचा क्रम एक नसतो. आधी तक्ते आणि आलेख करा. चार-पाच तक्त्यांत तुमची गोष्ट उभी राहत नसेल, तर शब्दांनी ती उभी राहणार नाही. मग पद्धती लिहा, कारण तिथं आठवणीतलं सांगायचं असतं, डोकं फारसं चालवावं लागत नाही. पद्धतीच्या भागाची कसोटी अशी: दुसऱ्या जिल्ह्यातला संशोधक हा भाग वाचून, तुम्हाला फोन न करता, तेच काम करू शकेल का? ‘प्रश्नावलीद्वारे माहिती संकलित केली’ यातून त्याला काही कळत नाही. किती घरं, कशी निवडली, कोणत्या महिन्यांत, प्रश्न कुणी विचारले, किती जणांनी बोलायला नकार दिला, हे लिहावं लागतं. माणसांची माहिती घेतली असेल तर त्यांची संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी यांचा उल्लेख इथंच येतो. अभ्यास संपल्यावर मागच्या तारखेनं परवानगी मिळत नसते.

निष्पत्तीत काय दिसलं तेवढंच लिहायचं. तक्त्यातला प्रत्येक आकडा पुन्हा वाक्यात वाचून दाखवायची गरज नाही. तक्त्यात कुठं बघायचं, ते सांगा. चर्चेत मात्र धीट व्हावं लागतं. आधीच्या संशोधकांच्या निष्कर्षाशी तुमचा मेळ कुठं बसतो, कुठं बसत नाही, आणि का? मर्यादा कबूल करायच्या, पण ‘नमुना लहान होता’ एवढ्या उपचारावर थांबू नये. त्या मर्यादेमुळं निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकला असेल, ते सांगितलं तर रेफरीचा तुमच्यावर विश्वास बसतो. शेततळ्याच्या उदाहरणात तुम्ही फक्त मे महिन्यात फिरला असाल, तर पावसानं भरलेली तळी तोवर रिकामी झालेली असणार आणि बोअरनं भरलेलीच नजरेला पडणार. हे तुम्ही नाही लिहिलंत तर रेफरी लिहील.

प्रस्तावना शेवटाकडे लिहा आणि आखूड ठेवा. आपल्याकडच्या प्रस्तावना ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’पासून सुरू होतात, मुद्द्यावर येईपर्यंत संपादक दुसरी फाइल उघडतो. तीन पायऱ्या पुरतात. या प्रश्नाबद्दल आजवर काय कळलंय, काय कळलेलं नाही, आणि हा लेख त्यातला कोणता तुकडा भरतो. दुसऱ्या पायरीवर ‘या विषयावर आजवर कुणीच काम केलेलं नाही’ असं कधीही लिहू नये. बहुधा ते खोटं असतं, आणि ज्यानं काम केलंय तोच तुमचा रेफरी असतो.

सगळ्यात शेवटी सारांश, आणि त्यावर निवांत एक दिवस घालवा. संपादक आधी तोच वाचतो, ज्याला रेफरी व्हायची विनंती जाते तोही बहुधा तेवढाच वाचून हो-नाही ठरवतो, आणि लेख छापून आल्यावर अनेक वाचकही तिथंच थांबतात. दीडशे ते अडीचशे शब्दांत प्रश्न, पद्धत, मुख्य निष्पत्ती आणि तिचा अर्थ एवढं आलं पाहिजे. ‘प्रस्तुत लेखात अमुकाची चर्चा केली आहे’ हे वाक्य सारांशात आलं, की समजावं, सांगायचं ते राहून गेलंय. चर्चा केलीत, बरं. पण तुम्हाला सापडलं काय?

लेखकांची नावं हा नाजूक मामला. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि इतर क्षेत्रांतही त्यांचाच आधार घेतात. कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. लेख लिहिण्यात किंवा गांभीर्यानं तपासण्यात सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि सगळ्या कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत, प्रयोगशाळा दिली, निधी मिळवून दिला, एवढ्यावर नाव लागत नाही. त्यांचे आभार मानायचे. व्यवहारात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि विद्यार्थ्यानं एकट्यानं त्याविरुद्ध उभं राहावं असं सांगणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण नावांचा क्रम काम सुरू होतानाच मेलवर ठरवून घेतला, तर पुढची अर्धी भांडणं टळतात. उलट बाजूही आहे: ज्यानं सहा महिने उन्हातान्हात फिरून मोजमापं घेतली आणि आलेखही काढले, त्याला मसुदा लिहिण्यात सामील करून घेतलं नाही, तर दुसरी अट पुरी होऊ न देता त्याचं नाव गाळल्यासारखं होतं.

साहित्यचोरीच्या टक्क्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि पुढं ४० आणि ६० टक्क्यांवर पायऱ्या आहेत. प्रबंधात ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द होते. त्यामुळं जो तो आकडा दहाच्या खाली आणायच्या मागे लागतो. पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. संदर्भयादी, अवतरणचिन्हांतला मजकूर, ठरीव संज्ञा यांनी आकडा फुगतो आणि त्यात चोरी नसते. याउलट एखाद्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून त्याचं नाव गाळलं, तर आकडा शून्य आणि चोरी पुरी. आकडा उतरवण्यासाठी शब्द फिरवून देणारी साधनं वापरणाऱ्यांची काय गत होते, ते फ्रान्समधले गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. त्यांना छापील शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’ सापडलं. चॅटबॉटचंही तसंच. इंग्रजी सुधारून घ्यायला बरीच जर्नलं मुभा देतात, पण वापर जाहीर करायला सांगतात. त्याला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण जबाबदारी तो घेऊ शकत नाही. आणि त्यानं सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेले लेख तो खऱ्याखुऱ्या लेखकांच्या नावावर बिनदिक्कत खपवतो.

आता पाकीट बांधायचं. जर्नलच्या पानावरच्या लेखकांसाठीच्या सूचना छापून घ्या आणि एकेक ओळ खोडत चला. संदर्भांसाठी झोटेरोसारखं फुकटचं साधन वापरलं, तर पुढच्या जर्नलला पाठवताना शैली बदलायला पाच मिनिटं लागतात. संपादकाला लिहायच्या पत्रात सारांश पुन्हा उतरवू नका. दावा काय आहे, याच जर्नलच्या वाचकाला तो का हवा, आणि हा लेख अन्यत्र पाठवलेला नाही, इतकं बास.

ओळख झाकून तपासणी होत असेल, तर आणखी एक काम पडतं. नाव, संस्था, आभार हे वेगळ्या फाइलमध्ये जातं, ‘आम्ही आमच्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’सारखी वाक्यं बदलावी लागतात, आणि वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लपलेलं लेखकाचं नावही पुसावं लागतं. परक्या माणसानं आपला लेख तपासावा, हे पचायला थोरामोठ्यांनाही जड जातं. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझन यांनी गुरुत्वीय लहरी नसतातच असं सांगणारा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’ला पाठवला. संपादकानं तो रेफरीला दाखवला म्हणून आइन्स्टाइन संतापले आणि लेख परत घेतला. रेफरीनं चूक बरोबर पकडली होती. पुढं तो लेख दुसऱ्या नियतकालिकात आला, तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

सगळ्या फाइली चढवल्यावर पोर्टल त्यांची मिळून एक पीडीएफ करतं आणि तुमची मंजुरी मागतं. इथं घाई करू नका. देवनागरी मजकूर असेल तर जोडाक्षरं फुटतात, तक्ते पानाबाहेर जातात, एखाद्या आलेखाच्या जागी कोरा चौकोन येतो. पीडीएफ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, मग मंजुरी द्या. लेखाला क्रमांक मिळेल. पुढच्या पत्रव्यवहारात तोच वापरायचा. निर्णय येईपर्यंत लेख दुसऱ्या कुठल्याही जर्नलला पाठवता येत नाही. तीन-चार महिने उलटूनही काही कळलं नाही, तर तो क्रमांक देऊन संपादकाला दोन ओळींत विचारलं, तर कुणी रागवत नाही.